सायकिॲट्रिस्टच्या फॉलोअपला जायच्या आधी

डॉक्टरांनी "कसं चाललंय?" विचारलं की आपण "बरंय" म्हणून मोकळे होतो आणि बाकीचं सगळं जिना उतरताना आठवतं, त्यामुळे तयारी चार दिवस आधीच सुरू करा.

पहिलं रक्ताचं बघा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर त्याची रक्तातली लेव्हल शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी काढतात, म्हणजे रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला सॅम्पल, आणि सकाळचा डोस असला तर तो रक्त दिल्यावर. मी एकदा सवयीने गोळी गिळूनच लॅबमध्ये गेलो, आकडा आला 1.4, घरचे घाबरले, परत सुई टोचून घेतली तेव्हा 0.8 निघाला (साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवतात). क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), टीएसएच (थायरॉइडची), कॅल्शियम पण त्याच वेळी करायचंय का ते विचारून घ्या. ओलान्झापिन, क्लोझापिनवाल्यांनी (ही भास-भ्रमांवरची औषधं) शुगर आणि लिपिडचे (रक्तातल्या चरबीचे) रिपोर्ट काढून ठेवा, वजन आणि कंबर घरीच मोजा. क्लोझापिनची पांढऱ्या पेशींची टेस्ट अजिबात चुकवू नका, आणि बद्धकोष्ठता सांगायला लाजू नका, या औषधात ती जिवावर बेतू शकते.

मग साइड इफेक्ट. "हात थरथरतात" एवढं सांगून काही कळत नाही, मी पंधरा दिवस रोज एकच ओळ एकाच कागदावर तारीख टाकून लिहिली आणि कागदच पुढे केला, अक्षर कसं बिघडत गेलं ते त्यांना लगेच दिसलं. लैंगिक त्रास तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी द्या, चालतं. किती डोस चुकले ते खरं सांगा, नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून डोस वाढवतील. इतर गोळ्यांचे फोटो पण न्या, कारण साधी दुखण्यावरची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा लिथियमची लेव्हल वर नेते.

लिथियमवर असताना उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, क्लोझापिनवर ताप किंवा घसादुखी, लॅमोट्रिजिनवर (हेही मूड स्थिर ठेवणारं औषध) अंगावर पुरळ, किंवा कुठल्याही औषधावर जीव द्यायचे विचार आले तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा नाहीतर सरळ इमर्जन्सीत जा. बाकी बारीकसारीक त्रासासाठी मनानेच गोळी बंद करू नका.

आणि निघायच्या आधी घरात गोळ्यांच्या किती पट्ट्या उरल्यात ते मोजा.