क्लबचं साप्ताहिक बुलेटिन लिहिताना

आमच्या सेवा क्लबचं वर्ष १ जुलैला बदलतं. यंदा नव्या पदाधिकाऱ्यांबरोबर बुलेटिनचं कामही नव्या हातात जातंय. नऊ वर्षं दर आठवड्याला ते मी लिहिलं. ज्याच्याकडे जातंय तो परवा म्हणाला, "ताई, मीटिंगमध्ये जे झालं तेच लिहायचं ना?" त्याला दिलेलं उत्तर बरंच लांबलं, म्हणून इथे उतरवून ठेवते. कुठल्याही सेवा क्लबात हे काम ज्याच्या अंगावर येईल त्याला उपयोगी पडावं.

मीटिंगला जे हजर होते त्यांना सगळं ठाऊकच असतं. बुलेटिनची वाट बघतो तो न आलेला. कुणाला सुट्टी मिळाली नाही, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणी नुकताच सभासद झालाय आणि अजून बुजतोय. लिहायला बसले की अशा एकाच माणसाचा चेहरा मी डोळ्यांसमोर आणते. पुढच्या आठवड्यात यायला आणि कामाला हात लावायला त्याला काय कळलं पाहिजे? तेवढं आधी लिहायचं, बाकीचं जागा उरली तर.

म्हणून सगळ्यात वर पुढची मीटिंग: वार, तारीख, वेळ, जागा, वक्ता आणि दारावर कुणाची ड्यूटी. जागा तर दर वेळी लिहायचीच, ती वर्षानुवर्षं एकच असली तरी. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत रोटरी या सेवा क्लबांच्या संघटनेचे संस्थापक पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती पहिल्यांदा भेटले ते त्यांच्यातल्याच एकाच्या ऑफिसात. पुढे पाळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात भेटायचं ठरलं आणि त्या फिरत्या बैठकींवरूनच 'रोटरी' हे नाव पडलं. आज बहुतेक क्लब एका जागी स्थिरावलेत, पण हॉल मिळाला नाही म्हणून ऐन वेळी जागा बदलतेच. अशा एका आठवड्यात मी नवा पत्ता शेवटच्या ओळीत टाकला होता. तिघं जुन्या हॉलच्या बंद दारासमोर उभे राहून परत गेले. त्यातली एकजण पहिल्यांदाच येत होती. ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून पत्ता पहिल्या तीन ओळींच्या खाली कधी गेला नाही.

आता टिपणं कशी घ्यायची ते. मी साधी वही वापरते. डाव्या पानावर 'झालं', उजव्या पानावर 'करायचंय'. प्रेसिडेंटची बेल वाजायच्या आधी पंधरा मिनिटं पोचायचं आणि सार्जंट ॲट आर्म्सच्या, म्हणजे मीटिंगची व्यवस्था बघणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या, शेजारची खुर्ची धरायची. पाहुणा आत येतो तो त्यांच्यासमोरूनच, त्यामुळे नाव, कुठल्या क्लबचा, कुणाबरोबर आला हे सगळं तिथेच कळतं. दुसऱ्या क्लबचा सभासद मेकअपला, म्हणजे स्वतःच्या क्लबातली चुकलेली हजेरी भरून काढायला, आला असेल तर त्याचीही नोंद घ्यायची. हजेरीचा आकडा मात्र डोक्यातून कधी लिहू नका, रजिस्टरवरूनच घ्या. भरलेल्या खोलीत माणसं नेहमी जास्त वाटतात.

वक्त्याला भाषणाआधी गाठा. वही पुढे करा आणि त्याचं नाव त्यालाच लिहायला सांगा. नाव चुकीचं छापलं गेलं की बाकी कितीही चांगलं लिहा, त्याच्या मनात तेवढंच राहतं. भाषणाचा सारांश लिहायच्या फंदात पडू नये असं माझं ठाम मत आहे. वीस मिनिटांचं बोलणं चार ओळींत दाबलं की त्यातला जीव जातो. त्यापेक्षा प्रश्नोत्तरांकडे कान द्या. माणसं कशावर हात वर करतात, वक्ता कुठल्या प्रश्नाला क्षणभर थांबतो, तिथेच त्या दिवसाची बातमी असते. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर नीट लिहिलं तर न आलेल्यालाही भाषण ऐकल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची ती प्रकल्पाच्या बातमीवर. माझ्या पहिल्या वर्षातली एक बातमी अशी होती: "रविवारी क्लबतर्फे रक्तदान शिबिर यशस्वीरीत्या पार पडले. सर्व सभासदांनी उत्साहाने सहभाग घेतला. अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले." यात खोटं काही नाही, आणि कुणाला कळण्यासारखंही काही नाही. पुढच्या शिबिराच्या वेळी मी असं लिहिलं:

"रविवारच्या शिबिरात ४१ जणांनी रक्त दिलं. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे ९ जणांना परत जावं लागलं. नोंदणीच्या टेबलावर सकाळी एकच सभासद होती, त्यामुळे साडेदहाला रांग दारापर्यंत गेली आणि काही जण न थांबता निघून गेले. पुढच्या खेपेला नोंदणीला तीन माणसं हवीत."

बुलेटिन गेलं त्याच संध्याकाळी दोघांचे फोन आले, आम्ही बसतो नोंदणीला म्हणून. परत गेलेल्या नऊ जणांचं वाचून आमच्या एका डॉक्टर सभासदानं रक्तक्षयावर बोलायची तयारी दाखवली आणि महिन्याभरात ती मीटिंग झालीसुद्धा. काय कमी पडलं हे लिहायला कचरू नका. फक्त कमी पडलं ते कामात सांगा, माणसावर बोट ठेवू नका. "टेबलावर एकच सभासद होती" एवढं पुरतं. कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, हे बुलेटिनमध्ये येता कामा नये.

नावं कुणाची छापायची हाही प्रश्न येतो. फोटोत पुढे उभे असतात त्यांची नावं आपोआप येतात. मागे राबणारे शोधावे लागतात. १९२५ साली अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्स या दुसऱ्या सेवा क्लब संघटनेच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करायची हाक दिली, आणि दृष्टीचं काम लायन्सची ओळख बनलं. जुने चष्मे गोळा करण्याचा उपक्रम आता कितीतरी सेवा क्लब करतात, आम्हीही करतो. पेटी भरली की बातमी होते, किती चष्मे जमले ती. पण पेटी भरल्यानंतरचं काम मी एकदा जाऊन बघितलं. आमच्या एक ज्येष्ठ सभासद खिडकीपाशी बसून एकेक चष्मा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवत होत्या. दांडीच्या बिजागरीत अडकलेला मळ जुन्या टूथब्रशनं काढायचा, काच मऊ कापडानं पुसायची, उजेडात धरून ओरखडा बघायचा. ओरखडा असला की डावीकडच्या खोक्यात, स्वच्छ असला की उजवीकडे, नंबर मोजायला न्यायच्या ढिगात. दोन तासांत त्यांनी मान वर केली नाही. त्या आठवड्यात पेटीचा आकडा मी एका ओळीत उरकला आणि उरलेली सगळी जागा त्या खिडकीला दिली. पुढच्या पेटीच्या वेळी त्यांच्याबरोबर चौघं होते. म्हणून सांगते, महिन्यातून एकदा तरी मीटिंग सोडून काम चालतं तिथे जाऊन उभे राहा.

खासगी बातमीबद्दल मात्र फार जपायचं. बऱ्याच क्लबांत 'आनंदाचं योगदान' असतं: सभासद उठतो, आपली चांगली बातमी सांगतो आणि डब्यात काही रक्कम टाकतो. नातवंड झालं, परीक्षा पास झाली, ऑपरेशन सुखरूप पार पडलं. ऐकताना सगळं छापावंसं वाटतं. मी एका सभासदाच्या ऑपरेशनची बातमी त्याला न विचारता छापली. त्यानं ती कामाच्या ठिकाणी सांगितलेली नव्हती आणि तिथे ती बुलेटिनमधूनच पोचली. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यानं मोठ्या मनानं केलीही. खोलीत बोललं गेलेलं कागदावर येतं तेव्हा ते कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. तेव्हा विचारायचं, "हे छापू का?" आणि उत्तर मिळेपर्यंत ती ओळ बाहेर ठेवायची. ज्यांना क्लबनं मदत केली त्यांच्याबाबतीत तर याहून कडक राहा. मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा आणि नाव आमच्या बुलेटिनमध्ये येत नाही. वस्तूचा फोटो घ्या, काम करणाऱ्या हातांचा घ्या.

लिहून झालं की मी चौकसोटीतले, म्हणजे रोटरीच्या चार प्रश्नांच्या कसोटीतले, पहिले दोन प्रश्न लावते. हर्बर्ट टेलर यांनी १९३२च्या मंदीत बुडत्या कंपनीला सावरताना ही कसोटी लिहिली आणि पुढे ती रोटरीनं घेतली. हे खरं आहे का? संबंधित सगळ्यांना हे न्याय्य आहे का? 'प्रचंड प्रतिसाद' यासारखे शब्द पहिल्या प्रश्नालाच गळून पडतात.

बाकी बाबी किरकोळ आहेत. एका पानाच्या पुढे जाऊ नका. मीटिंगच्याच रात्री कच्चं लिहा, सकाळी उठून दुरुस्त करा आणि ठरलेल्या दिवशी पाठवा. २०१६पासून रोटरीनं क्लबांना मोकळीक दिली आहे, महिन्यातून दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं. पण मीटिंग नसलेल्या आठवड्यातही बुलेटिन जाऊ द्या, कामं तर चालूच असतात. प्रत्येक अंक तारखेवार फाइलला लावा. जूनमध्ये सेक्रेटरी वार्षिक अहवालाला बसतात तेव्हा ती फाइल मागायला येतात.

आणि दोन प्रती कागदावर काढा. आमचे दोन जुने सभासद आता घराबाहेर पडू शकत नाहीत, फोनवर वाचणंही त्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी अक्षर अठरा पॉइंटचं ठेवायचं, मग पानं तीन झाली तरी चालतील. पाकिटावर त्यांचं नाव छापू नका, हातानं लिहा. आणि जमेल तेव्हा टपालात न टाकता स्वतः नेऊन द्या. त्यातले एक वाचून झाल्यावर दर वेळी विचारतात, नोंदणीला माणसं मिळाली का.