जुन्या गोव्यातला मोडका मठ कसा पाहावा

पणजीहून कदंबा बस पकडून जुन्या गोव्याला उतरा. बहुतेक जण बॉम जेझस चर्च पाहून परततात. तुम्ही पश्चिमेकडची टेकडी चढा. संत ऑगस्टीनच्या मठाचा 46 मीटर उंच, जांभ्या चिऱ्यांचा मनोरा दिसेल. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छत कोसळलं. मनोऱ्याखाली फोटो काढून लगेच निघू नका. आतल्या चॅपलांमध्ये फिरा, भिंतींना धरून राहिलेल्या रंगीत टाइल्स जवळून पाहा. हात मात्र लावू नका. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष इथेच सापडले. परमुलखात इतकी शतकं पडून राहिलेली ती बाई! माझे पाय तिथे दर वेळी थबकतात. थडग्यांवरची अक्षरं तिरप्या उन्हात वाचता येतात, म्हणून सकाळीच जा. परतताना पणजीच्या चर्चची घंटा बघा, ती याच मठातली.