जावा सर्व्हरचा सीपीयू चढलाय? रीस्टार्टआधी पाच मिनिटं थांबा

रात्री फोन येतो, ‘साइट रांगतेय, सीपीयू फुल आहे.’ हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. रीस्टार्ट केलं की सगळं शांत होतं, पुरावाही पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन. म्हणून आधी थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रोग्राममधला प्रत्येक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) त्या क्षणी काय करतोय त्याची नोंद. मग खुशाल रीस्टार्ट करा. इथे लिनक्सवरचं जावा अॅप्लिकेशन धरलं आहे.

पहिल्यांदा ‘टॉप’ ही कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड चालवा. प्रोसेससमोर १०० टक्के दिसले तर घाबरू नका, तो एकाच कोरचा हिशेब आहे. चार कोरच्या मशीनवर आकडा ४०० पर्यंत जातो. वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ मोठा असेल तर दुखणं डिस्कचं. ‘एसटी’ मोठा असेल तर तुमच्या व्हर्च्युअल मशीनच्या वाटचा सीपीयू दुसरं कोणी तरी खातंय. नुसत्या लोड अॅव्हरेजवर (रांगेतल्या कामांच्या सरासरीवर) जाऊ नका, लिनक्स त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्यांनाही मोजतं.

‘यूएस’ (प्रोग्रामांनी खाल्लेला सीपीयू) मोठा आणि यादीत वर जावाच, असं असेल तर ‘टॉप’मध्येच कॅपिटल ‘एच’ दाबा. आता प्रोसेसऐवजी थ्रेड दिसतात. सर्वात वरच्या दोन-तीन थ्रेडचे ‘पीआयडी’ रकान्यातले क्रमांक लिहून ठेवा, समजा २१६५०.

लगेच जावासोबत येणाऱ्या ‘जेस्टॅक’ कमांडने डंप घ्या. प्रोसेस ज्या युजरने चालते त्याच युजरने, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा. एका डंपवरून काही कळत नाही. तो फोटो आहे, आपल्याला हालचाल बघायची आहे. सर्व्हरवर ‘जेस्टॅक’ नसेल तर ‘किल -३’ द्या. नाव भयंकर असलं तरी त्याने प्रोसेस मरत नाही, डंप कन्सोलच्या आउटपुटमध्ये पडतो. (घाईत ३ ऐवजी ९ दाबलंत, तर रीस्टार्ट झालंच म्हणून समजा.)

डंपमध्ये प्रत्येक थ्रेडपुढे ‘एनआयडी’ म्हणजे तोच थ्रेड क्रमांक असतो, बहुधा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर). २१६५० चं हेक्स ५४९२. जावाच्या अगदी नव्या आवृत्त्यांत तो साधा दशमान दिसतो, म्हणून दोन्ही आकडे शोधा. ही जुळणी टाळून थेट ‘रनेबल’ (चालू अवस्थेतले) थ्रेड शोधत बसू नका. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेला थ्रेडही ‘रनेबल’च दिसतो, सीपीयू मात्र तो खात नसतो.

जुळलेला थ्रेड कंपायलरचा (जावा कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्याचा) निघाला आणि सर्व्हर नुकताच सुरू झाला असेल तर थोडा वेळ थांबा. ‘जीसी’चे (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याचे) थ्रेड निघाले तर ‘जेस्टॅट’ कमांडला ‘जीसीयूटिल’ हा पर्याय देऊन दर सेकंदाला आकडे बघा. ‘ओ’चा (जुन्या ऑब्जेक्टच्या मेमरीचा) रकाना शंभराला टेकलेला आणि ‘एफजीसी’ (पूर्ण सफाईची संख्या) सारखा वाढतोय, म्हणजे मेमरी भरली आहे. सीपीयू फक्त तिची झाडलोट करतोय. मग हीप डंप, म्हणजे मेमरीत काय काय भरलंय त्याची नोंद घ्या.

आपल्याच कोडचा थ्रेड तिन्ही डंपमध्ये त्याच मेथडपाशी सापडला, तर चोर सापडला. जावा ७ किंवा त्याआधीच्या कोडमध्ये तो ‘हॅशमॅप’मध्ये (किल्ली-किंमत जोड्या ठेवणाऱ्या मॅपमध्ये) अडकलेला दिसला, तर अनेक थ्रेड एकच मॅप बदलत आहेत का ते बघा, त्यातून कधीच न संपणारं लूप तयार होतं. दुसरा नेहमीचा गडी म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणारा नियम. २ जुलै २०१९ ला अनेक वेबसाइटना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं जगभरातलं काम सुमारे २७ मिनिटं कोलमडलं होतं, ते अशाच एका एक्स्प्रेशनने सीपीयू संपवल्यामुळे.

मला तो भेटला पत्त्याच्या रकान्यात. तिन्ही डंपमध्ये जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ‘पॅटर्न’ क्लासच्या ओळी एकाखाली एक, आणि अगदी तळाशी आमची पत्ता तपासणारी मेथड. तिच्या एक्स्प्रेशनमध्ये कंसाच्या आत ‘प्लस’ (‘एक किंवा अधिक वेळा’), कंसाबाहेर पुन्हा ‘प्लस’. एका ग्राहकाने लांबलचक पत्ता लिहून शेवटी ‘#’ टाकलं होतं. ते जुळेना, म्हणून इंजिन त्या पत्त्याचे जमतील तितके तुकडे पाडून बघत बसलं. बाहेरचा ‘प्लस’ काढला आणि पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा घातली.