गाडीतले आसन स्वतःच्या मापाचे करून घेताना

आमच्या घरी गाडी एकच आणि चालवणारे दोघे. माझी उंची पाच फूट दहा इंच, तर पत्नीची पाच फूट एक इंच. आसन पुढे-मागे सरकवले आणि आरसा नीट केला की काम झाले, असे आम्ही कित्येक वर्षे मानत होतो. आणि पुण्याहून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत माझी कंबर धरायची, तर परतीच्या वाटेवर गाडी तिच्या हाती असली की तिचा डावा गुडघा. रस्ता, गाडीचे सस्पेन्शन आणि वय या तिघांनाही दोष देऊन झाल्यावर एकदा गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका शांतपणे वाचली, तेव्हा कळले की आसन लावण्याला एक क्रम असतो. तो खालून वर जातो: आधी पाय, मग कंबर, मग पाठ, मग हात आणि शेवटी डोके. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पुढची गोष्ट आधीची बिघडवते. बेल्ट आणि एअरबॅग यांची रचनाही शरीर ठरावीक जागी आणि ठरावीक स्थितीत बसलेले आहे असे गृहीत धरूनच केलेली असते, त्यामुळे हा विषय केवळ आरामाचा नाही.

ही सगळी जुळवाजुळव गाडी उभी असताना, सपाट जागी आणि हँडब्रेक ओढून करावी. चालत्या गाडीत आसनाची दांडी उचलली तर आसन एकदम मागे घसरते, पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही आणि तोल सावरण्यासाठी माणूस स्टिअरिंगच ओढतो. बसण्यापूर्वी मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे. फुगलेल्या पाकिटावर दोन तास बसल्यास कमरेचा एक बाजूचा भाग सतत वर राहतो आणि मग आसन कितीही नीट लावले तरी दुखणे थांबत नाही. नेहमी गाडी चालवताना जी पादत्राणे घालता तीच पायात असावीत, कारण जाड तळव्याच्या बुटाने दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. नवी गाडी घेतल्यावर आसनावरचे प्लास्टिक वर्षभर तसेच ठेवणारे अनेक जण आहेत. ते आधी काढून टाकावे. त्यावरून शरीर घसरते, आणि जोरात ब्रेक लागल्यावर घसरणे हीच तर टाळायची गोष्ट आहे.

आता सुरुवात अंतरापासून. कंबर आसनाच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवून बसावे. अर्धे आसन रिकामे ठेवून लावलेले कोणतेही माप खोटे ठरते. आसनाच्या पुढच्या कडेखाली असलेली आडवी दांडी वर उचलून आसन रुळावर सरकवावे आणि डाव्या पायाने क्लच पार तळापर्यंत दाबावा. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ झाला तर आसन मागे आहे, आणि गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या भागाला लागू लागला तर ते फार पुढे आहे. ब्रेकचीही अशीच परीक्षा घ्यावी, मात्र इंजिन सुरू ठेवून. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि खरा किती खाली जातो हे समजत नाही. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्याने माप ब्रेकवरूनच घ्यावे. दांडी सोडल्यावर शरीर पुढे-मागे हलवून पाहावे. रुळातला खटका ‘खट्’ असा बसलेला ऐकू आला तरच आसन अडकले असे समजावे. आमची गाडी एकदा धुऊन परत आली, तेव्हा हा खटका अर्धवटच बसलेला होता आणि पहिल्याच गतिरोधकावर पत्नी आसनासकट मागे गेली. सुदैवाने ते आमच्याच गल्लीत घडले.

उंची लावण्याची सोय अनेक गाड्यांत आसनाच्या उजव्या बाजूला, दाराकडे असते. तेथील दांडी हापशासारखी वर-खाली केली की आसन टप्प्याटप्प्याने उचलले जाते. डोके आणि छत यांच्यामध्ये उभी मूठ मावेल इतकी जागा ठेवून आसन जितके वर घेता येईल तितके घ्यावे, म्हणजे बॉनेटपलीकडचा रस्ता लवकर दिसू लागतो. मात्र आसन वर जाताना अनेक गाड्यांत थोडे पुढेही सरकते, त्यामुळे क्लचचे माप पुन्हा एकदा घ्यावे. गुडघ्याची मागची बाजू आणि आसनाची कड यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मोकळी राहिली पाहिजेत. ती कड पोटरीच्या वर रुतत राहिली, तर पायाला मुंग्या येतात. कमी किमतीच्या मॉडेलमध्ये उंचीची सोय नसते आणि मग लोक घरातली उशी खाली घेतात. मऊ, जाड उशी हा वाईट उपाय आहे, कारण ती दाबली जाते आणि त्यासोबत शरीर बेल्टच्या खालून पुढे सरकते. उंची वाढवणे अगदी आवश्यकच असेल, तर पातळ, घट्ट आणि आसनाला पक्की बांधता येईल अशी गादी घ्यावी.

पाठीच्या बाबतीत मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. आरामखुर्चीत बसल्यासारखे रेलून एका हाताने गाडी चालवणे याला आपल्याकडे ऐटीचे लक्षण मानले जाते, आणि उलट टोकाला नवशिके चालक काचेला नाक लावून बसतात. बैठक आणि पाठ यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त, म्हणजे १०० ते ११० अंशांच्या आसपास असावा. कोनमापक घेऊन बसण्याची गरज नाही. दोन्ही खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करावा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले, तर पाठ योग्य ठिकाणी आहे. तळहात जेमतेम पोहोचत असेल तर पाठ जास्त मागे गेली आहे, आणि कोपराजवळचा भाग कडेवर येत असेल तर ती फार पुढे आहे. फार रेललेल्या स्थितीत दोन गोष्टी बिघडतात. एक तर दूर बघण्यासाठी मान सतत पुढे काढावी लागते, म्हणून मानेचा मागचा भाग दुखू लागतो. दुसरी अधिक गंभीर आहे: धडक बसल्यावर शरीर बेल्टच्या कमरपट्ट्याखालून पुढे घसरते आणि जो पट्टा कमरेच्या मजबूत हाडांवर अडायला हवा, तो मऊ पोटात घुसतो. शेजारी बसून आसन आडवे करून झोपणाऱ्या प्रवाशाला हा धोका अधिक असतो, पण घरच्या माणसाला झोपेतून उठवून हे सांगणे कठीण जाते. कमरेच्या खोलगट भागाला आधार देणारा फुगवटा आसनात असेल तर तो जाणवेल इतकाच बाहेर घ्यावा. नसेल तर अंघोळीच्या पंच्याची गुंडाळी तेच काम करते, आणि गेली काही वर्षे मी तीच वापरतो.

यानंतर स्टिअरिंग. त्याच्या खांबाखालची कळ सैल करून ते छातीकडे रोखलेले राहील असे लावावे. ते चेहऱ्याकडे रोखलेले असू नये, कारण एअरबॅग तिथूनच बाहेर येते. ती साधारण ३० सहस्रांश सेकंदात, म्हणजे पापणी लवण्यापूर्वीच, पूर्ण फुगते, आणि फुगत असताना छाती तिला चिकटलेली असेल तर तीच इजा करते. म्हणून छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटे अंतर असावे. कमी उंचीच्या चालकांची इथे ओढाताण होते: क्लच गाठायचा तर पुढे यावे लागते आणि पुढे आले की वीत कमी पडते. अशा वेळी आसन पायांच्या मापानेच ठेवावे, पाठ एक-दोन खटके मागे घ्यावी आणि स्टिअरिंग आत-बाहेर होत असेल तर ते आत ढकलावे. माझ्या पत्नीचे गुडघ्याचे दुखणे अशा रीतीने थांबले. आसन पुढे घेऊनही ते तिला पुरेसे पुढे नसे, आणि ती इतकी वर्षे पाय ताणून क्लच मारत होती. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी असावेत.

हेडरेस्ट या नावाने बहुतेकांची फसगत होते. तो डोके टेकवून विसावण्यासाठी नसून मान वाचवण्यासाठी असतो. मागून धडक बसली की आसन धडाला पुढे ढकलते, डोके मात्र जागीच राहते आणि मान मागे उलटते. ते थांबवण्याचे काम त्याचे आहे. म्हणून त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याला समांतर असावी आणि डोके व त्याच्यामधले अंतर जितके कमी तितके बरे. चार बोटांहून जास्त तर नकोच. दांड्याच्या बुडाशी असलेले बटण दाबून तो वर घ्यावा. मागच्या आसनावरचे हेडरेस्ट, मागचे दिसत नाही म्हणून, अनेक गाड्यांत पार खाली दाबलेले असतात. तिथे कोणी बसणार असेल तर तेही वर करावेत. आरसे सर्वांत शेवटी लावावेत, कारण डोक्याची जागा त्यापूर्वी पक्की झालेली असते.

आता बेल्ट. आज सर्वत्र दिसणारा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वो कंपनीत काम करणाऱ्या निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला आणि १९५९ साली तो गाडीत आला. त्याचा कमरेचा पट्टा पोटावरून नव्हे, तर कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवरून, मांड्यांच्या सांध्यालगत गेला पाहिजे, आणि तिरपा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून छातीवर उतरला पाहिजे. दाराजवळच्या खांबावर पट्ट्याची कडी वर-खाली करण्याची सोय असेल तर ती स्वतःच्या खांद्यानुसार लावावी. बकल ‘टक्’ वाजल्यावर वरचा पट्टा एकदा हाताने ओढून कमरेची ढील काढावी. पट्टा काखेखालून घेणे अत्यंत धोकादायक आहे, कारण मग सारा भार बरगड्यांवर येतो. साडी नेसलेल्या स्त्रिया पट्टा बहुधा पदरावरून आणि निऱ्यांच्या गाठीवरून घेतात. त्यामुळे तो पोटावर चढतो आणि कापडावरून घसरतो. पदर क्षणभर बाजूला करून पट्टा आधी अंगालगत घ्यावा, निऱ्यांच्या खाली कमरेशी बसवावा आणि पदर नंतर वरून घ्यावा. गर्भवती स्त्रियांनीही बेल्ट लावायचाच असतो. कमरेचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखालून आणि तिरपा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने न्यावा.

बेल्टचा गजर बंद करण्यासाठी बकलमध्ये नुसती धातूची जीभ अडकवणारे क्लिप पूर्वी सर्रास विकले जात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ते हटवण्याचे आदेश दिले. तुमच्या गाडीत तसा एखादा क्लिप राहिला असेल तर तो फेकून द्यावा. त्याचप्रमाणे, आसनाच्या कडेत एअरबॅग असलेल्या गाडीला बाजारातले साधे सीटकव्हर चढवू नये. शिवणीने बंद झालेल्या कव्हरमधून ती वेळेवर बाहेर पडेलच याची खात्री नसते. आसनाच्या कडेवर ‘एअरबॅग’ अशी चिठ्ठी शिवलेली दिसते का, हे आधी पाहावे.

मागे बसणाऱ्यांना बेल्ट लागत नाही, ही समजूत अजून गेलेली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. बेल्ट न लावता मागे बसलेला माणूस केवळ स्वतःपुरताच धोका पत्करत नाही. तो पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो.

लहान मुलांच्या बाबतीत हिशोब स्वतः करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हा वेग धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर मांडीवरचे दहा किलोंचे बाळ त्या क्षणी १४० किलोंच्या ओझ्यासारखे पुढे खेचले जाते, म्हणजे तांदळाची जवळजवळ तीन पोती. इतके कोणत्याही आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्टने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. बारशाला आलेल्या चांदीच्या वाट्या कपाटात पडून राहतात. चार नातेवाइकांनी मिळून बालआसन दिले तर ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

बाळाचे आसन मागच्या बाजूला, आणि बाळाचे तोंड गाडीच्या मागील काचेकडे राहील असे बसवावे. बालआसनांसाठीच्या आर-१२९ या युरोपीय मानकात किमान पंधरा महिन्यांपर्यंत ही स्थिती सक्तीची आहे. आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर ती ठेवणे उत्तम, कारण त्या वयात डोके जड आणि मान कोवळी असते. असे आसन चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढे, कधीही ठेवू नये. बहुतेक नव्या गाड्यांत बैठक आणि पाठ यांच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवण्याच्या, दोन धातूच्या कड्या असतात; आसनाचे दोन्ही हात तिथे ‘टक्’ वाजेपर्यंत ढकलून खुणेचा रंग हिरवा झाला का ते पाहावे. बेल्टने बांधायचे असेल तर गुडघ्याने आसन दाबून पट्टा ओढावा आणि पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहावे. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलत असेल तर पुन्हा बांधावे. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांनी चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. मूल मोठे झाल्यावर साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारे आसन लागते. नाहीतर मोठ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यावर येतो. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले बकल मुलाला लावण्यापूर्वी स्वतःच्या हाताला लावून पाहावे.

दोघे चालवत असाल तर एक सोपी युक्ती आहे. आसन पूर्ण पुढे घ्यावे आणि मागे सरकवताना खटके मोजावेत. आमच्या गाडीत नऊ माझे आणि चार तिचे आहेत, आणि पाठीचेही असेच दोन आकडे आहेत. हे एका चिठ्ठीवर लिहून समोरच्या कप्प्यात ठेवले आहे. सर्व्हिसिंगहून किंवा धुऊन आलेली गाडी आम्ही आता आकडे लावूनच बाहेर काढतो.

लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. त्याआधी मधला आरसा आपोआप वर सरकल्यासारखा वाटू लागला आणि त्यात मागच्या रस्त्याऐवजी छत दिसू लागले, तर आरशाला हात लावू नये. तो हललेला नसतो, आपणच खाली घसरलेलो असतो. कंबर पुन्हा आसनाच्या कोपऱ्यात नेऊन बसावे; त्यानंतरही रस्ता दिसला नाही तर पुढचा चहा जवळ करावा.