दिल्लीची गाडी मराठवाड्यात आणताय? या चुका टाळा

सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठायची, दोन दिवसांत गाडी पसंत करायची आणि तीच चालवत घरी यायचं. असा बेत करून कुणी ना कुणी सल्ला विचारायला परभणीच्या माझ्या गॅरेजवर येतंच. मी आधी एकच विचारतो, परतीचं तिकीट काढलंय का? नसेल तर जाऊच नका. तिकीट खिशात नसलं की माणूस आहे त्या कागदांवर गाडी घेऊन मोकळा होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, हातात नसताना गाडी आणणं. "गाडी घेऊन जा, एनओसी पंधरा दिवसांत कुरिअरने येईल," एवढ्या शब्दावर माझ्या साडूने सगळे पैसे मोजले आणि डिझेल गाडी दारात आणून उभी केली. आरसीवर बँकेचा बोजा होता. मूळ मालकाने कर्ज फेडलेलं, पण फॉर्म 35 भरून बोजा उतरवलाच नव्हता. बँकेची संमती नसेल तर फॉर्म 28 ची एनओसी निघत नाही, आणि एनओसी नसेल तर आपल्याकडचं आरटीओ फाइल घेत नाही. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तेवढ्यात गाडीला दहा वर्षं भरली. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. तिथल्या जुन्या गाड्या स्वस्त मिळू लागल्या त्या त्यामुळेच. काम आणखी अडकलं. मूळ मालकाला शोधून बँकेत नेईपर्यंत साडूच्या तीन खेपा झाल्या. चौदा महिने गाडी कडुलिंबाखाली उभी होती. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, टायर बसले. तो दर रविवारी ती पुसायचा, हे बघून माझा जीव तुटायचा.

म्हणून मी फक्त टोकन देतो. बाकीची रक्कम एनओसी हातात पडल्यावर. एनओसीवर कोणत्या आरटीओचं नाव आहे तेही वाचा. जालन्याच्या माणसाने एमएच 21 ऐवजी एमएच 20 लिहून आणलं, तर पुन्हा दिल्ली.

दुसरी चूक, खालचं मॅटिंग न उचलणं. जुलै 2023 मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीत 208.66 मीटरपर्यंत चढलं होतं. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून परराज्यात विकल्या जातात. गेल्या वर्षी एक पांढरी सेडान माझ्याकडे आली. आतून अत्तराचा वास, सीट कव्हर कोरी. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाच्या हातभर पट्ट्यावर मळकट रेघ. मॅटिंग उचललं, तर खाली पिवळसर गाळ, बोटांत पिठासारखा बारीक. आपल्या काळ्या रानातली माती अशी नसते. सीटच्या रुळांना गंज होता. मालकाने गाडी मुलीच्या लग्नासाठी घेतली होती. स्टेपनीची जागा आणि सीटबेल्ट बघायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक स्टिरिओ वाजवून बघण्यात वेळ घालवतात. याचा मला मनापासून राग येतो.

कराचा हिशोबही आधीच करा. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो, पण बसतोच. मूळ इन्व्हॉइस मागून घ्या, तो नसेल तर किमतीवरून वाद होतो. दिल्लीला भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी मूळ मालकाची सही लागू शकते, म्हणून ती आधीच घेऊन ठेवा. "एजंट सगळं बघतो" म्हणणाऱ्यांना मी इथेच थांबवतो. कागदावर सही तुमची असते.

विमा 14 दिवसांत नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. ई-चलन तपासा. मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा. जुना फास्टॅग बंद करायला लावा.

आणि टॉर्च सोबत न्या. चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा, पेन्सिलने छाप घ्या. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी पुढचं काही बघू नका, स्टेशनवर जाऊन आपल्या गाडीची वाट बघा.