एज्युरोम चालू करा, मग बॅग भरा

दुसऱ्या संस्थेत सेमिनारला किंवा परदेशात दोन-तीन महिन्यांच्या संशोधनासाठी निघाला असाल, तर लॅपटॉपवर एज्युरोम, म्हणजे आपल्या संस्थेच्या खात्यावर इतर सदस्य संस्थांतही चालणारं वायफाय, निघण्याआधी आपल्याच कॅम्पसवर जोडून बघा. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा पहिला दिवस फुकट जातो. खातं तुमच्या संस्थेचं, त्यामुळे तिथल्या संगणक विभागाला त्यात हात घालता येत नाही, आणि आपला संगणक विभाग त्या वेळी झोपलेला असतो.

आधी आपली संस्था यात आहे का ते विचारा. भारतात ही व्यवस्था अर्नेट ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था चालवते, आयआयटी मुंबईसारख्या संस्था त्यात आहेत, पण प्रत्येक कॉलेज नाही. त्याच फेरीत पासवर्डची मुदत कधी संपते तेही विचारून घ्या. ती प्रवासात संपली तर बऱ्याच ठिकाणी नवा पासवर्ड करायला व्हीपीएन (बाहेरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) लागतं, व्हीपीएनला नेट लागतं आणि नेटला पासवर्ड!

युजरनेम पूर्ण लिहा: रोल नंबर, ॲटचं चिन्ह, पुढे संस्थेचं डोमेन. आपल्या कॅम्पसवर नुसत्या रोल नंबरवरही कधी कधी जोडलं जातं आणि तिथेच फसगत होते. बाहेरच्या संस्थेचा रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिनच्या विनंत्या सांभाळणारा संगणक, ॲटच्या पुढचं वाचूनच ठरवतो की हा माणूस कुणाचा, आणि विनंती त्या संस्थेकडे पाठवतो. डोमेन नसेल तर पाठवायची कुठे? फोनचा कीबोर्ड शेवटी गुपचूप एक स्पेस टाकतो, ती खोडायला विसरू नका. ‘अनॉनिमस आयडेंटिटी’च्या रकान्यात ‘अनॉनिमस’ आणि पुढे तेच डोमेन टाकलं की वाटेतल्या सर्व्हरना तुमचा रोल नंबर दिसत नाही.

आता सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. इथे घाई नको. एज्युरोम हे नाव कुणीही आपल्या राउटरला देऊ शकतो. हजार-दीड हजाराचा राउटर पाठपिशवीत घालून कँटीनमध्ये बसला की झालं. समोरचा सर्व्हर खरंच आपल्या संस्थेचा आहे का, हे लॅपटॉपने तपासलं नाही तर तो त्या पिशवीतल्या राउटरशीही बोलायला लागेल. सेटिंगमध्ये लॉगिनची पद्धत टीटीएलएससोबत पीएपी अशी असेल तर पासवर्ड आहे तसा त्याच्या हातात पडतो. पीईएपी या दुसऱ्या पद्धतीतलं एमएसचॅप व्ही२ पासवर्ड उघडा पाठवत नाही, पण ते फोडता येतं हे २०१२ सालच्या डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात सगळ्यांसमोर दाखवून झालंय. म्हणून सीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव, दोन्ही भरायचं. नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, कारण सार्वजनिक सीएकडून सर्टिफिकेट कुणालाही मिळतं. उबुंटू या लिनक्स प्रणालीत ‘सीए सर्टिफिकेट नको’ अशी एक चौकट असते. सीनियर तिच्यावर टिक करायला सांगतील, ऐकू नका. अँड्रॉइडने हाच पळवाटेचा पर्याय अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेल फोनवरून काढून टाकला.

हे सगळं हाताने भरण्यापेक्षा संस्था एज्युरोम कॅट या तयार सेटिंग देणाऱ्या साइटवर असेल तर तिथला इन्स्टॉलर घ्या. फोनसाठी गेटएज्युरोम ॲप आहे. दोन्ही उतरवायला नेट लागतं, म्हणूनच घरून. आधी हाताने जोडलेलं नेटवर्क ‘फर्गेट’ करून मग इन्स्टॉलर चालवा, नाहीतर जुनी चुकीची सेटिंग मधेच डोकं वर काढते. उबुंटू २२.०४ किंवा पुढचं असेल आणि सगळं बरोबर भरूनही जोडलं जात नसेल, तर तुमच्या संस्थेचा सर्व्हर अजून टीएलएस १.० या जुन्या एन्क्रिप्शनवर अडकलाय का ते विचारा.

लॅपटॉपची तारीख बघा. बॅटरी उतरून ती चार वर्षं मागे गेली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही अवैध ठरतं.

मग जोडा. लॉगिनचं पान उघडायची वाट बघू नका, इथे पान नसतं; जोडलं जातं किंवा नाही. शहरात दुसरी सदस्य संस्था असेल तर एखाद्या संध्याकाळी तिथे चहाला जा आणि लॅपटॉप उघडा, घराबाहेर चालतं का ते तिथेच कळेल.

एवढं झाल्यावर कुणी पासवर्ड बदलायला सांगितलाच, तर फोनमधलाही त्याच दिवशी बदला. फोन खिशात बसून जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि काही ठिकाणी तेवढ्यावर खातं बंद होतं.