शब्दकोश अजून कोण बघतं? बघायचाच असेल तर असा बघा

जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन बसणारे आता कमीच राहिलेत, त्यात वाद नाही. पण कोश बघणारे संपले असं मात्र नाही, ते मोबाईलवर आलेत एवढंच. रविवारचं शब्दकोडं सोडवणारे आजोबा, एमपीएससीवाली पोरं (वाक्प्रचार आणि समानार्थी शब्दांनी ज्यांची झोप उडवलीय ती), सबटायटल्स लिहिणारे, भाषांतरवाले, आणि परदेशात वीकेंडच्या मराठी शाळेत शिकवणारे आईबाप, ह्या सगळ्यांचं कोशाशिवाय चालत नाही. बाकी जनता गुगलवर "अमुक मीनिंग इन मराठी" टाकते, पहिला दिसेल तो शब्द उचलते, आणि तो बऱ्याचदा हिंदीच्या अंगाने जाणारा असतो, मग "माझी मदत कर" असली वाक्यं तयार होतात. अहो "मला मदत कर" म्हणा ना.

माझं म्हणणं एवढंच की कोश वाईट नाहीत, आपण चुकीच्या कामाला चुकीचा कोश उघडतो आणि मग "शब्दच नाहीये" म्हणून बंद करतो. कुठे काय बघायचं ते सांगते.

रोजच्या वापरासाठी बृहद्कोश ही वेबसाईट पुरे. तिथे एक शब्द टाकला की बऱ्याच जुन्या-नव्या कोशांतले अर्थ एकाखाली एक येतात. दुसरी जागा म्हणजे शिकागो विद्यापीठाची दक्षिण आशियातल्या भाषांच्या कोशांची साईट. तिथे मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे आहे, वझे आहे (ही कोश करणाऱ्यांची नावं, कोशही त्याच नावांनी ओळखतात), आणि सगळं फुकट. मोल्सवर्थ म्हणजे कंपनी सरकारचा फौजेतला माणूस, लोक त्याला मोलेसर म्हणायचे. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला आला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठेक हजार शब्द झाले. त्यात एक सांगून ठेवते, जातीपातींबद्दल आणि बायकांबद्दल त्याने जे अर्थ दिलेत ते त्या काळचे आहेत, ते उचलून पोस्टमध्ये टाकू नका.

मराठी शब्दाचा मराठीतच अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे. महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९५० एवढा काळ खंड निघत होते. मोठ्या वाचनालयात संदर्भ विभागात असतो, घरी देत नाहीत, तिथेच बसून बघायचा. ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र वाचताना अडलात तर तुळपुळे आणि फेल्डहाउस ह्यांचा जुन्या मराठीचा कोश बघा, १९९९ चा आहे, अर्थ इंग्रजीत आहेत पण नेमके आहेत. आणि पोरं परदेशात वाढतायत, त्यांना सोपं काहीतरी हवंय, तर मॅक्सीन बर्नसनबाईंचा छोटा कोश. ह्या बाई मूळच्या अमेरिकेच्या, फलटणला राहून शाळा उभी केली त्यांनी, त्यामुळे शिकणाऱ्याला कुठे अडतं ते त्यांना बरोबर माहीत.

आता खरी गोम. शब्द सापडत का नाही?

दहातल्या आठ वेळा कारण असं की आपण वाक्यातला शब्द जसाच्या तसा टाकतो. कोशात मूळ रूप असतं. "देवळात" टाकून काही मिळणार नाही, "देऊळ" टाका. "पावलांनी" चं पाऊल, "विहिरीत" चं विहीर, "उंदराने" चा उंदीर, "जावेला" ची जाऊ. प्रत्यय लागला की मधला स्वर कुठेतरी पळतो किंवा आखूड होतो, ऊ चा व होतो, हे आपण बोलताना न शिकवता करतो पण शोधताना विसरतो. क्रियापद असेल तर णे लावून बघायचं, "गेला" साठी जाणे, "प्यायलो" साठी पिणे.

दुसरं कारण जुनं शुद्धलेखन. आपण लिहितो ते १९६२ नंतरच्या नियमांनी. त्याआधीच्या कोशांत न उच्चारलेले अनुस्वार जागोजागी आहेत, म्हणजे नांव, पांच, कांहीं, डोकें, आणि क्रियापदं सगळी करणें, बसणें, उठणें अशी. "करणे" टाकून शून्य निकाल आला की घाबरू नका, डोक्यावर टिंब द्या आणि परत शोधा. तसंच आपण कवी, गुरू, पशू लिहितो तिथे जुन्या कोशात कवि, गुरु, पशु. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असेल तर दोन्ही करून बघायचं, त्यात लाज कसली. आणि "दऱ्या" सारखे शब्द तर टाईप करायचेच दोन प्रकार आहेत, दिसायला सारखे पण कॉम्प्युटरला वेगळे, त्यामुळे तिथेही मूळ शब्दच टाका, दरी.

छापील कोश चाळत असाल तर क्रम बघून घ्या. ळ हा ह च्या नंतर येतो, ल च्या शेजारी शोधत बसू नका. क्ष आणि ज्ञ काही कोशांत अगदी शेवटी, काहींत क आणि ज च्या पोटात. अनुस्वारवाल्या शब्दांचंही तसंच, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सुरुवातीची चार पानं वाचली की कळतं पण ती कोणी वाचत नाही.

वाक्प्रचार शोधायचा तर त्यातलं नाम पकडा. "हातावर तुरी देणे" हवंय तर हात उघडा, तिथे नसेल तर तूर. हात, डोळा, पोट, कान, नाक ह्यांच्या नोंदी एकदा निवांत वाचाच. हात आखडणे, हात टेकणे, हात दाखवणे, हात चोळत बसणे, हात धुऊन मागे लागणे, एकट्या हाताने किती संसार केलाय ते बघून थक्क व्हाल.

शब्द सापडला की लोक अर्थ वाचतात आणि निघतात. थांबा जरा, खरा माल बाजूच्या बारीक अक्षरांत असतो. आधी लिंग बघा. "वेळ" घ्या, "माझा वेळ वाया गेला" मध्ये तो पुल्लिंगी आणि "जेवायची वेळ झाली" मध्ये ती स्त्रीलिंगी, आणि दोन्ही बरोबर. मग कंसातलं बघा. मोल्सवर्थमध्ये एस, एच, पी, ए अशी इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे संस्कृत, हिंदुस्थानी, फारसी, अरबी. दाते-कर्व्यांत (गो.) म्हणजे गोव्याकडचा, (व.) वऱ्हाडातला, (ना.) नागपुरी. आपली आजी जो शब्द वापरायची आणि शाळेतल्या बाई "अशुद्ध" म्हणायच्या तो तिथे कंसात पत्त्यासकट नांदताना दिसतो, हे मला कोशातलं सगळ्यात आवडतं काम वाटतं. पुढे "ज्ञा." दिसलं तर ज्ञानेश्वरी, आकडे अध्यायाचे आणि ओवीचे.

शब्द कुठून आला ह्यावर भांडण लागलं की व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड बाजूला ठेवून कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश काढा, १९४६ चा. तोही शेवटचा शब्द नव्हे, व्युत्पत्ती म्हणजे बऱ्याच ठिकाणी हुशार माणसाचा अंदाजच. पण पगार, चावी, घमेलं, पाव हे पोर्तुगीजांकडून आलेत आणि कागद, जमीन, हजर फारसी-अरबीकडून, एवढं कळलं तरी "शुद्ध मराठी बोला" वाल्यांचा आवाज जरा खाली येतो.

एक युक्ती अनुवादवाल्यांसाठी. मोल्सवर्थ उलटा वापरता येतो. शिकागोच्या साईटवर नोंदींच्या आतला मजकूर शोधायची सोय आहे, तिथे इंग्रजी शब्द टाकायचा, ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आलाय ते सगळे समोर येतात. बारीक पावसासाठीचा इंग्रजी शब्द टाकून बघा, बुरबुर, पिरपिर, झिमझिम असले शब्द पुढ्यात येतील. त्यातले सगळे आज चालतील असं नाही, निवड तुम्हीच करायची.

सरकारी कागद असेल तर भाषा संचालनालयाचे कोश, शासनव्यवहार, पदनाम वगैरे, ऑनलाईन आहेत. अर्जात तोच शब्द हवा असतो म्हणून बघायचे. बोलायला नका वापरू, गाडीच्या लायसनला "अनुज्ञप्ती" म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही, चांगला "परवाना" होता की.

आता शब्दसंग्रह वाढवायचं. रोज दहा शब्द पाठ करायचे चॅलेंज वगैरे करू नका, चौथ्या दिवशी सुटतं. मोठे संस्कृत शब्द घोकून तर लिखाण जड होतं, बस. जिथे कामं चालतात तिथले शब्द उचला. घरी सुतार आला की त्याची पिशवी उघडल्यावर बघा, रंधा, पटाशी, वाकस, कानस, करवत, प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकाचं काम वेगळं. विचारा त्याला, खुशीत सांगतो. मग संध्याकाळी कोशात बघा आणि फोनच्या नोट्समध्ये त्याने बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. अर्थ लिहिला नाही तरी चालेल पण वाक्य हवं, कारण शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर चालतो ते वाक्यातच कळतं. रंधा मारतात, पटाशीने खाच पाडतात, कानशीने घासतात. मग आठवडाभरात तो शब्द कुठेतरी वापरा, मेसेजमध्ये का होईना.

आणि एखादा शब्द कुठल्याच कोशात नाही मिळाला तर तो चुकीचा आहे असं लगेच समजू नका. दाते-कर्व्यांचं काम १९५० ला थांबलं, त्यानंतर इतकं काही आलंय, आणि गावागावातलं बरंच त्यांच्याही हातून निसटलं असणार. असा शब्द मिळाला की कोण बोललं (नाव नको, शेतकरी, कोळी, शिंपी असं), कुठला तालुका, पूर्ण वाक्य आणि लिंग, एवढं लिहून मराठी विक्शनरीवर (विकिपीडियासारखाच, कोणीही भर घालू शकेल असा ऑनलाईन कोश) नोंद करून टाका. खातं उघडायला दोन मिनिटं लागतात.